फणसांब्याला लखनऊचं ऊन

पुण्याहून गाडी हलली तेव्हा डब्यातल्या सगळ्यांनी सामान बाकाखाली सारलं. मी मात्र माझी कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. पिशवीत तळहाताएवढा एक फणसांबा होता (फणसाच्या खोडावर फळीसारखी वाढणारी कडक बुरशी). त्याच्या आत मोहरीच्या दाण्याएवढे भुंगेरे जिवंत होते. ते त्या बुरशीतच जन्मतात, तीच पोखरून खातात आणि तिच्यातच मरतात. त्यांना हवा लागते म्हणून कापड, आणि फार उष्णता सोसत नाही म्हणून मांडी. मे महिना होता, पत्र्याचा डबा तव्यासारखा तापला होता. मी दर तासाला पिशवीवर ओला रुमाल ठेवत होते आणि समोरच्या बाई माझ्याकडे वेड्या माणसाकडे बघावं तसं बघत होत्या.

एवढा खटाटोप आगटे सरांसाठी. कराडच्या कॉलेजात त्यांनी मला प्राणिशास्त्र शिकवलं, आणि नंतर त्याच कॉलेजात मी शिकवायला लागले. तीस वर्षांपूर्वी पाटणच्या वरच्या जंगलात सरांना डोक्यावर शिंग असलेला एक भुंगेरा मिळाला होता. शिंगाचं टोक दुभंगलेलं, सापाच्या जिभेसारखं. सरांनी लिहिलं, की हा मी फणसांब्याच्या आतून काढला. आत नेहमी सापडणाऱ्या बिनशिंगी भुंगेऱ्या ह्याच्या माद्या आहेत आणि हा त्यांचा नर. त्या एकट्या नराच्या जोरावर त्यांनी एक नवी प्रजातीच मांडली (म्हणजे किड्यांचं एक नवं घराणं म्हणा ना). पुढे मात्र फणसांब्यात शिंगवाला कुणालाच मिळाला नाही. मी आठ वर्षं फणसांबे फोडतेय, मलाही नाही.

मग एका परदेशी विद्वानाने छापून टाकलं, की हा शिंगवाला दुसरीकडून भटकत आलेला किडा आहे, त्याचा बुरशीशी संबंध नाही, आणि आगट्यांची प्रजाती हा कल्पनेचा खेळ आहे. वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सर काहीच बोलले नाहीत. त्यांना कंपवात झालाय, हातातला कागद तेवढा थरथरत राहिला.

लखनऊच्या एका संशोधन संस्थेत डॉ. केळुसकर नावाचे मराठी शास्त्रज्ञ देशातल्या सगळ्या बुरशीखाऊ भुंगेऱ्यांची यादी करत होते. त्यांचं मला पत्र आलं. ‘शुक्रवारी दुपारी बारा वाजता यादी छापखान्याकडे जाईल. बुरशीच्या आतला नर दाखवलात तर प्रजाती राहील, नाहीतर मला ती गाळावी लागेल.’ नेमका त्याच आठवड्यात मला पाटणला पडलेल्या एका फणसावर हा फणसांबा मिळाला. आतल्या अळ्या कोशात गेल्या होत्या, चार-सहा दिवसांत भुंगेरे बाहेर पडणार होते. आधीच फोडला असता तर आतले कोवळेच मेले असते आणि शिंग उमटलंय की नाही तेही कळलं नसतं. म्हणून मी तो अख्खाच घेऊन निघाले. निघताना सर म्हणाले, "एवढ्या उन्हात कशाला जातेस वंदना? राहू दे." मला वाटलं, हा त्यांचा भिडस्तपणा.

झाशीला एक पोलीस डब्यात चढला आणि त्याची काठी थेट माझ्या पिशवीवर आली. "क्या है इसमें?" किडे आहेत म्हटलं असतं तर सगळा डबा गोळा झाला असता. मी म्हटलं, "दवा है." समोरच्या बाईंनी लगेच दुजोरा दिला, "हाँ हाँ, कल से गोद में लिए बैठी हैं बेचारी." पोलीस पुढे गेला. खोटं इतकं सोपं जातं हे बघून मला गंमत वाटली.

लखनऊच्या चारबागला उतरले तेव्हा दुपार टळटळीत होती. ते लाल-पांढरं, घुमटांचं स्टेशन बघायला लोक थांबतात म्हणे. मी थांबले नाही. हमालाच्या डोक्यावरच्या ट्रंकेचा कोपरा पिशवीला लागला आणि कापड टर्रकन फाटलं. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की हमालच घाबरला. "बहनजी, हुआ क्या? काँच का सामान था?" मी पदराने पिशवी गुंडाळली आणि रिक्षा करून छावणीत शैलाताईकडे गेले.

शैलाताई माझी मावसबहीण, चिपळूणची. भाऊजी फौजेत सुभेदार. छावणीतले रस्ते शांत, दोन्हीकडे कडुनिंब आणि चुन्याने रंगवलेले दगड. तिच्या क्वार्टरच्या दारात वाळ्याचा पडदा होता, त्यावर पाणी मारलेलं. आत पाय ठेवला आणि माझ्या जिवात जीव आला. ताईने आम पन्ना (कैरीचं गार पन्हं, पण जिऱ्या-पुदिन्याचं) पुढे केला, पिशवीत डोकावली आणि वास घेऊन म्हणाली, "अगंबाई, फणसांबा! किती वर्षांनी बघितला गं. आई तोंड आलं की सहाणेवर उगाळून लावायची. औषधाला आणलास का?"

दीड दिवसाच्या प्रवासाने माझे डोळे मिटत होते. सगळी रामकहाणी सांगायचं त्राण नव्हतं. मी म्हटलं, "हो गं, औषधालाच." हे दुसऱ्यांदा.

गुरुवारी सकाळी फणसांबा न्हाणीघरात माठाच्या तिवईखाली ठेवला, गारव्याला, आणि मी अमीनाबादच्या बाजारात गेले. मला नव्या पिशवीसाठी मलमल हवी होती, भुंगेरे निसटू नयेत इतकी दाट आणि हवा जाईल इतकी विरळ. रिक्षा एका कोपऱ्यापर्यंतच गेली, पुढे माणसांच्या खांद्याला खांदा लावत चालावं लागलं. दुकानदार म्हातारा, पांढऱ्या टोपीतला. त्याने ठाणावर ठाण उलगडलं. मी प्रत्येक कापड उजेडात धरून त्याची वीण बघत होते.

"बहनजी, आख़िर चाहिए किसके लिए?"

"कीड़ों के लिए."

तो थबकला. मग गंभीरपणे खालचं ठाण काढून म्हणाला, "तो फिर ये लीजिए. कीड़े भी क्या याद करेंगे, लखनऊ की मलमल पहनी थी."

मला खूप दिवसांनी हसू आलं. त्या आनंदात मी कुल्फी-फालुदा मागवला आणि पंख्याखाली बसून चांगला सावकाश खाल्ला. त्या कुल्फीबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

दोन वाजता परतले. लू सुटली होती (तोंड भाजून काढणारा तिकडचा वारा). न्हाणीघरात गेले तर तिवईखाली काही नाही.

"ताई, माझा फणसांबा कुठाय?"

ताई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. चेहऱ्यावर काम उरकल्याचं समाधान. "अगं, त्याला किडे लागलेत! केवढी भोकं पडलीत बघितलंस का? असा कसा नेणार होतीस औषधाला? लोणच्याची मोहरी धुऊन वाळत घातलीय ना गच्चीवर, तिथेच ठेवला. सकाळपासून कडकडीत ऊन लागलंय. एक किडा राहायचा नाही आता."

मी गच्चीवर कशी पोचले ते आठवत नाही. तिथे जुन्या चादरीवर चार किलो मोहरी पसरलेली होती आणि चादरीच्या कोपऱ्यात, मोहरीला टेकून, माझा फणसांबा. हात लावला तर चटका बसला. उचलून झटकला, एक भुंगेरा पडेल तर शपथ. कानाशी धरला. आत एरवी बारीक करकर ऐकू यायची, ती बंद झाली होती.

मी मटकन खाली बसले आणि मग जे तोंडाला येईल ते बोलले. "तुला कुणी सांगितलं होतं नको ते उद्योग करायला? तीस वर्षांचं काम भाजून काढलंस! उद्या बारा वाजता सर खोटे ठरणार आता!" ताईला एक अक्षर कळत नव्हतं. तिचे डोळे भरून आले. "मला काय माहीत गं? तूच म्हणालीस ना औषधाला म्हणून?"

ते खरंच होतं. मीच म्हणाले होते. मी तिथेच, त्या उन्हात, तिला सगळं सांगितलं. सर, शिंग, यादी, उद्याचे बारा. सांगता सांगता माझी नजर चादरीवर गेली आणि एक मोहरीचा दाणा चालायला लागला.

उन्हाने आतले जे मेले ते मेले, पण ज्यांना पळता आलं ते बाहेर पडून सावली शोधत मोहरीत शिरले होते. चार किलो मोहरी, काळपट तांबूस, आणि त्यात तेवढेच, त्याच रंगाचे भुंगेरे! मी भिंग काढलं आणि एकेक दाणा बघायला लागले. पाच मिनिटांत डोळ्यांपुढे अंधारी आली.

"हो बाजूला," ताई म्हणाली. रडणं थांबलं होतं. "मोहरी निवडायची मला शिकवू नकोस."

तिने चादरीची चारी टोकं उचलली, आम्ही ती मोहरी खाली खोलीत नेली. मग तिने इनॅमलची पांढरी ताटली घेतली, तीत मूठभर मोहरी टाकली आणि ताटली किंचित कलती करून बोटाने टिचकी मारली. मोहरी गोल, ती घरंगळून परातीत गेली. खडे निवडायची ही आमच्या बायकांची जुनी रीत. मोहरी पळते, खडा मागे राहतो. इथे खड्याच्या जागी पाय रोवून एक भुंगेरा चिकटून राहिला होता. बिनशिंगी. मादी.

आठ वर्षं मी या किड्यांच्या मागे आहे, मला हे कधी सुचलं नव्हतं.

मूठ, टिचकी, मूठ, टिचकी. मी भिंगातून बघायची आणि सांगायची, "मादी." कूलर घरघरत होता, मोहरीचा तिखट वास नाकात बसला होता. पाचवी मादी. सातवी. भाऊजी ड्यूटीवरून आले, दारातच थांबले. "अरे यार, चाय तो मिलेगी?" ताईने मान वर न करता सांगितलं, "तुम्हीच करा, तीन कप. अन् पाय आपटत येऊ नका." ते बिचारे चवड्यांवर आत गेले.

चादरीवर जेमतेम दोन मुठी उरल्या होत्या. नववी मादी. ताईने टिचकी मारली, मोहरी घरंगळली आणि ती म्हणाली, "वंदे, ह्याच्या डोक्यावर काहीतरी आहे."

मी भिंग धरलं. शिंग होतं. टोकाला दुभंगलेलं. आणि तो जिवंत होता, ताटलीच्या काठाकडे आपल्या चालीने निघाला होता! मी ताईला मिठी मारली आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या रडलो.

शुक्रवारी सकाळी संस्थेत जायला निघाले तेव्हा ताईही साडी बदलून तयार. "मी घोळ घातलाय, मी निस्तरायला येणार." रिक्षात तिने माझा हात दाबला. "हे बघ, बुरशीतून निघाला एवढंच सांग. मोहरीचं कशाला मध्ये आणतेस? निघाला तर त्यातूनच ना?"

रात्रभर मी तेच घोकत होते. निघाला तर त्यातूनच.

डॉ. केळुसकर सडपातळ, इस्त्रीच्या शर्टातले. पंचवीस वर्षं लखनऊत राहून त्यांची मराठी फार अदबीची झाली होती. "या, बसावं आपण. पाणी घ्या आधी." टेबलावर यादीचा गठ्ठा सुतळीने बांधून तयार होता. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा. त्यांनी मलमलीची पिशवी सोडली, आतला फणसांबा बाजूला ठेवला, भुंगेरा मायक्रोस्कोपखाली घेतला आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"माशाल्ला," ते शेवटी म्हणाले. "आगट्यांनी काढलेल्या चित्रासारखा, हुबेहूब. कुठून काढलात आपण?"

पेन उघडून त्यांनी कागदावर ठेवलं होतं. या आमच्या धंद्यात किड्याइतकंच त्याच्या टाचणीवरचं लेबल महत्त्वाचं असतं. कुठे, कधी, कशात, कुणी. लेबलाशिवाय किडा म्हणजे कचरा. मला फक्त एक शब्द बोलायचा होता. बुरशीतून. समोर बसलेल्या माणसाने तो लिहून घेतला असता आणि सर सुटले असते.

आणि मला वाटलं, सरांच्या खरेपणासाठी मी भांडायला आले आणि खोटं सांगून जिंकू? पोलिसाला सांगितलं, ताईला सांगितलं, तेवढं पुरे झालं.

"मोहरीतून," मी म्हटलं. ताईने मला चिमटा काढला. मी गच्ची, ऊन, चादर, ताटली, सगळं सांगितलं.

केळुसकरांनी पेनचं टोपण लावलं. "आपण खरं सांगितलंत, शुक्रिया. पण मग हा पुरावा होत नाही. मोहरीत धान्याचे किडे असतात. हा लखनऊच्या मोहरीतलाच नाही, कशावरून? तो परदेशी गृहस्थ नेमकं हेच म्हणतो आहे, की हा कुठूनही येतो." त्यांनी गठ्ठ्यावर हात ठेवला. "अफ़सोस आहे मला."

मला सरांचा थरथरता कागद दिसत होता.

"अहो डॉक्टर," ताई अचानक म्हणाली, "मग तो फणसांबा फोडा की! आमची आई उगाळायच्या आधी फोडूनच बघायची. आतले काही सगळेच पळाले नसतील. मी भाजलेत ते आतच असतील ना?"

आम्ही दोघे शहाणे एकमेकांकडे बघत राहिलो. जिवंत ठेवायचा म्हणून फोडायचा नाही, हे माझ्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं, की आता जिवंत ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही हे लक्षातच आलं नव्हतं.

केळुसकरांनी बारीक करवत काढली. उन्हाने फणसांबा लाकडासारखा टणक झाला होता. पहिला काप पडला, आत बोगदेच बोगदे, त्यात दोन मेलेल्या माद्या. दुसरा काप. अळीची कात, भुसा. घड्याळात सव्वाअकरा. तिसऱ्या कापाला तीन माद्या. चौथ्याला काहीच नाही. ताई ओठांतल्या ओठांत रामरक्षा म्हणत होती. पाचव्या कापाला करवत अडली, त्यांनी ती हलकेच फिरवली आणि तुकडा उघडला.

एका बंद बोगद्याच्या टोकाशी, भुश्यात अर्धा रुतलेला, बाहेर पडायला वाटच न मिळालेला तो होता. तो मेला होता, पण शिंग शाबूत होतं. टोकाला दुभंगलेलं.

केळुसकरांनी आम्हा दोघींनाही आळीपाळीने बघायला लावलं, ताईलासुद्धा. मग उठून गठ्ठ्याची सुतळी सोडली, एक पान काढलं आणि समासात आगट्यांच्या प्रजातीपुढे मारलेली काट स्वतःच्या हाताने खोडली. बाराला दहा मिनिटं कमी होती. "आपण मोहरी म्हणालात, म्हणून मी करवत घेतली," ते मला म्हणाले. "बुरशी म्हणाला असतात तर हा कधीच सापडला नसता."

परतीच्या गाडीत मी दोन टाचण्या असलेली डबी मांडीवर घेऊन बसले होते आणि या वेळी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "कीड़े हैं." कुणी लांब सरकलं, कुणी बघायला मागितलं. ताईने दिलेले लाडू कानपूरलाच संपले. मला फक्त सरांचा चेहरा बघायची घाई होती.

कराडला सर खुर्चीत बसून होते. मी धडाधडा सगळं सांगितलं. मला वाटलं, ते हसतील. त्यांनी विचारलं, "लेबलं काय लिहिलीस?"

"एकावर, फणसांब्याच्या आतून, पाटण. दुसऱ्यावर, मोहरीतून, लखनऊ छावणी, शेजारी फणसांबा ठेवलेला. शोधणारी म्हणून ताईचं नाव."

"मोहरीतून असंच लिहिलंस? यादीवाल्यापुढेही तेच बोललीस?"

"हो."

ते खुर्चीत जरा पुढे सरकले. मग म्हणाले, "माझा बुरशीतला नव्हता, वंदना. तंबूतल्या कंदिलावर येऊन आपटला होता. शेजारी दिवसभर फोडलेल्या फणसांब्यांचा ढीग पडला होता. त्यातूनच आला असणार, मला खात्री होती. म्हणून मी लिहिलं, बुरशीच्या आतून. तो परदेशी मनुष्य चुकला, पण त्याने बोट बरोबर जागी ठेवलं होतं."

मला संताप आला. आठ वर्षं, तो प्रवास, ताईवर काढलेला राग, सगळं डोक्यात उसळलं. "मला जाऊ का दिलंत मग?" मी जवळजवळ ओरडलेच.

"जाऊ नको म्हटलं होतं," ते म्हणाले. "का ते सांगायचा धीर झाला नाही. नर मिळाला नाही तर बरं, असंही वाटलं एकदा. पण तो मिळावा असं जास्त वाटलं गं."

त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. मी त्यांची जुनी पेटी काढून आणली. डांबरगोळ्यांच्या वासात तो तीस वर्षांचा नर टाचणीवर उभा होता, खाली सरांच्या तरुण, ठसठशीत अक्षरातलं लेबल. मी ते काढायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. "जुनं लेबल काढायचं नाही, हे मीच शिकवलंय ना तुला? दुरुस्ती त्याखाली लावायची. माझा हात चालत नाही. तू लिही."

राग गेला नव्हता. तरी मी कागदाची बारीक पट्टी कापली आणि ते सांगतील तसं लिहिलं. ‘कंदिलावर सापडला. बुरशीतून काढलेला नाही.’ खाली त्यांचं नाव. मग ती पट्टी जुन्या लेबलाखाली त्याच टाचणीत सरकवली.

ती पेटी आता माझ्याकडे आहे. तीन नर एका ओळीत उभे आहेत, कंदिलावरचा, मोहरीतला आणि बुरशीतला. मुलं बघायला आली की पहिल्या टाचणीवर दोन लेबलं का, असं विचारतात. मी त्यांना वरचंही वाचायला लावते आणि खालचंही.